लिटरभर पेट्रोल, टँकरभर हवा

एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला जवळजवळ ११ किलो हवा लागते. हवेचं वजन आपण कधी मनात धरत नाही, म्हणून हाच आकडा लिटरमध्ये मांडू. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५८ मीटर उंचीवर आहे. मे महिन्यातल्या दुपारी पारा ४२ अंशांवर गेला की इथल्या एक लिटर हवेचं वजन जेमतेम १.०६ ग्रॅम भरतं. म्हणजे ११ किलोसाठी दहा हजार लिटरांहून थोडी अधिक हवा हवी. उन्हाळ्यात आपल्या वस्तीत पाण्याचा दहा हजार लिटरचा टँकर येतो, तसा एक टँकर भरून हवा एका लिटर पेट्रोलमागे! चाळीस लिटरची टाकी रिकामी होईपर्यंत गाडीने असे चाळीस टँकर वाटेतल्या वाटेत ओढून घेतलेले असतात.

इंजिनाची ताकद वाढवायची म्हटलं की बहुतेकांच्या मनात आधी पेट्रोल येतं. खरी अडचण हवेची आहे. पेट्रोल हा द्रव; पंप आणि इंजेक्टर मोठे केले की हवं तेवढं आत सोडता येतं. हवा मात्र इंजिनाला स्वतः ओढून घ्यावी लागते आणि तिच्यासाठी वेळ फार थोडा मिळतो. १.६ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर ते मिनिटाला ४,८०० लिटर, म्हणजे सेकंदाला ८० लिटर हवा घेतं. प्रत्येक इनटेक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. दर वेळी तो उघडा राहतो सेकंदाच्या दीडशेव्या भागाइतका. तेवढ्यात जी हवा आत शिरली ती शिरली.

हा व्हॉल्व्ह उघडतो कॅमशाफ्ट, आणि कॅमशाफ्ट म्हटलं की सोलापूरकराने मान वर करायला हरकत नाही. १९९२ साली सोलापुरात यतीन शहा यांनी सुरू केलेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीने २०१६ मध्ये भागविक्री केली, तेव्हा जगभरातल्या प्रवासी मोटारींच्या कॅमशाफ्टमध्ये तिचा वाटा ८ ते ९ टक्के असल्याचा अंदाज मांडला होता. जगातल्या दर शंभर कॅमशाफ्टमागे आठ-नऊ आपल्या गावचे! फोर्ड, जनरल मोटर्स, ह्युंदाई, मारुती अशा कंपन्यांच्या इंजिनांचा श्वास उघडणारा आणि मिटणारा दांडा अक्कलकोट रोड आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत घडतो. चादरीचं आणि मिलचं गाव म्हणून सोलापूर सगळ्यांना ठाऊक आहे. ही दुसरी ओळख तितक्याच अभिमानाने सांगायला हवी.

कॅमशाफ्टने दार उघडलं, तरी हवा बाहेरच्या वातावरणाच्या दाबानेच आत येणार. ती ढकलून आत कोंबायची असेल तर सुपरचार्जर लागतो, ज्याला गॅरेजमध्ये सगळे ब्लोअर म्हणतात. इंजिनाच्या पुलीवरून बेल्ट घेऊन तो फिरवतात. आत दोन रोटर एकमेकांना न शिवता फिरतात आणि प्रत्येक फेरीला ठरावीक माप हवा पुढे सारतात. ही रचना अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट केली. त्यांची लोकरीची गिरणी होती. गिरणीच्या पाणचक्कीवर सुधारणा करता करता हे यंत्र हवा फुंकायला फार चांगलं आहे असं त्यांच्या ध्यानात आलं आणि ते ओतशाळांच्या भट्ट्यांत गेलं. त्याच १८६० साली जीआयपी रेल्वे सोलापूरला पोहोचली. आपली जुनी मिल सुरू व्हायला त्यानंतर अजून सतरा वर्षं होती. मोटारीच्या इंजिनावर असा ब्लोअर बसवून मर्सिडीजने १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात गाड्या मांडल्या. पुढे पुण्यात जुळणी झालेल्या सी-क्लासच्या पाठीवर ‘कॉम्प्रेसर’ ही अक्षरं आपल्यापैकी अनेकांनी वाचली असतील. ती याच यंत्राची खूण.

आता मोठा ब्लोअर म्हणजे किती मोठा, ते पाहू. ईटन कंपनीच्या ब्लोअरना एम४५, एम६२, एम९०, एम११२ अशी नावं आहेत, आणि नावातला आकडा म्हणजे एका फेरीत किती घनइंच हवा सरते त्याचं माप. एम४५ एका फेरीला ०.७४ लिटर हवा देतो, एम६२ देतो १.०२ लिटर, एम९० जवळजवळ दीड लिटर. २००१ ते २००६ दरम्यानच्या मिनी कूपर एसच्या १.६ लिटर इंजिनावर कारखान्यातूनच एम४५ येत असे. अशा मापाच्या इंजिनावरचा ४५ काढून ६२ बसवायची हौस जगभर आहे, आणि तिचा हिशोब शाळेतल्या त्रैराशिकाने सुटतो.

समजा इंजिनाची पुली १३० मिलिमीटरची आणि ब्लोअरची ६५ ची. इंजिन ६,००० वर असताना ब्लोअर १२,००० वर फिरेल, सेकंदाला २०० फेऱ्या. एम४५ मिनिटाला सुमारे ८,८५० लिटर हवा सारेल. इंजिनाची स्वतःची ओढ होती ४,८००. जवळपास दुप्पट हवा त्याच जागेत शिरू पाहते आणि म्हणून दाब वाढतो. प्रत्यक्षात रोटरच्या फटींतून थोडी हवा मागे गळते, त्यामुळे दाब दुपटीच्या आतच राहतो. याच वेगाने एम६२ फिरवला तर आकडा जातो १२,२०० लिटरांवर. एम९० बसवला तर १७,७०० वर; एवढी हवा १.६ लिटरचं इंजिन पचवूच शकणार नाही.

मग कुणी म्हणेल, ब्लोअर बदलायची यातायात कशाला, पुलीच लहान करू. पुली ६५ ची ६० केली, म्हणजे फक्त ५ मिलिमीटर कमी केले, तर ब्लोअर १२,००० ऐवजी १३,००० फेऱ्यांवर जातो. लेथवर तासाभराचं काम. पण लहान ब्लोअर जितका जोरात पळवाल तितकी त्याची हवा तापते, आणि सोलापुरात हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्यावर थोडं थांबू.

हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो तो त्यामुळेच. ४२ अंशांची हवा वातावरणाच्या १.८ पट दाबापर्यंत नेली आणि ब्लोअरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर ती बाहेर पडते सुमारे १३८ अंशांवर. उकळत्या पाण्याहून गरम! गरम हवा विरळ असते. दाब ८० टक्क्यांनी वाढला, पण वजनात हवा वाढली फक्त ३८ टक्के. उरलेला दाब नुसता उष्णतेचा. दाबाच्या घड्याळाचा काटा वर जातो आणि सिलिंडरमध्ये तेवढा ऑक्सिजन पोहोचत नाही. मध्ये चांगला इंटरकूलर बसवून हीच हवा ६० अंशांवर आणली, तर वाढ ७० टक्क्यांवर जाते. तोच ब्लोअर, तोच दाब आणि जवळजवळ दुप्पट फायदा. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आपल्या हवामानात पैसे मोजकेच असतील तर ते आधी इंटरकूलरवर घालावेत, मग ब्लोअरवर.

ही हवा सारायला लागणारी शक्ती इंजिनाकडूनच घेतली जाते. वरच्या हिशोबात ती १५ ते २० हॉर्सपॉवर येते. अमेरिकेतल्या डॉज चॅलेंजर हेलकॅटचं ६.२ लिटर इंजिन ७०७ हॉर्सपॉवर देतं. त्याचा २.४ लिटरचा ब्लोअर मिनिटाला ३०,००० लिटर हवा गिळतो आणि तो फिरवण्यातच सुमारे ८० हॉर्सपॉवर खर्च होतात. आपल्याकडच्या एक लिटरच्या वॅगन आरचं अख्खं इंजिन ७० च्या आत आहे! पुढे डॉजने याच इंजिनावर २.७ लिटरचा मोठा ब्लोअर चढवला आणि डेमन नावाच्या गाडीत शर्यतीच्या इंधनावर ८४० हॉर्सपॉवर काढले. ब्लोअर मोठा झाला तीन दशांश लिटरने. त्याच्याबरोबर कारखान्याने इंजिनाचे आतले भाग, इंधनाचा पुरवठा आणि थंडाव्याची सगळी व्यवस्थाही बदलली.

कारखान्याकडे नवं मॅनिफोल्ड ओतून घ्यायची सोय असते. एकट्या माणसाकडे ती नसते, म्हणून त्याला अडॅप्टर प्लेट करावी लागते. जुन्या मॅनिफोल्डची भोकं एका जागी, नव्या ब्लोअरची दुसऱ्या जागी. मध्ये अ‍ॅल्युमिनिअमची जाड पट्टी टाकून दोघांची गाठ घालून द्यायची. अमेरिकन हौशी कारागिरांनी हा प्रकार युद्धोत्तर काळात रूढ केला. जनरल मोटर्सच्या बस-ट्रकांच्या ६-७१ डिझेल इंजिनावरचा ब्लोअर भंगारातून उचलायचा आणि पट्टी कापून मोटारीच्या व्ही-एट इंजिनावर बसवायचा. ६-७१ म्हणजे ७१ घनइंचाचे सहा सिलिंडर. त्याचा ब्लोअर एका फेरीला ४११ घनइंच, म्हणजे पावणेसात लिटरच्या आसपास हवा देतो. एम४५ च्या नऊपट!

ही पट्टी दिसायला साधी असते आणि सगळं काम तिच्यावरच तरतं किंवा बुडतं. बेल्टचंच घ्या. अनेक दात्यांच्या पीके बेल्टमध्ये एका दात्यापासून दुसऱ्या दात्यापर्यंतचं अंतर ३.५६ मिलिमीटर असतं, एक सूत आणि वर थोडं. पट्टी तेवढी जाड-पातळ झाली आणि ब्लोअरची पुली तेवढी पुढे-मागे गेली, तर बेल्ट पूर्ण एक दाता सरकून बसतो. दोन पुलींमधलं अंतर ३०० मिलिमीटर असेल तर एका अंशाचा तिरकसपणा पाच मिलिमीटरहून जास्त भरतो. १२,००० फेऱ्यांवर असा बेल्ट फार काळ टिकत नाही. आधी किंचाळतो, मग कडा झिजते, मग उडतो.

उष्णता पट्टीलाही सोडत नाही. २५० मिलिमीटर लांबीची अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी ४० अंशांवरून १४० अंशांवर गेली की अर्ध्या मिलिमीटरहून अधिक वाढते. तेवढ्याच लांबीचं बिडाचं हेड पाव मिलिमीटरच्या जरा वर वाढतं. म्हणजे दोघांत ०.३ मिलिमीटरची ओढाताण, प्रत्येक वेळी इंजिन तापलं की एकदा आणि थंड झालं की पुन्हा. बोल्टची सगळी भोकं अगदी घट्ट ठेवली तर गॅस्केट हळूहळू चिरडतं. जाणता कारागीर एका टोकाला पिन देऊन पट्टी पक्की धरतो आणि बाकीची भोकं किंचित सैल ठेवतो, म्हणजे तिला पसरायला जागा मिळते. दाबाचा हिशोबही हवा: २०० बाय ८० मिलिमीटरच्या तोंडावर ०.८ बार दाब आला की पट्टीला उचलू पाहणारं बळ १३० किलोंचं होतं. बोल्टांना ते सहज पेलतं, पातळ पट्टी मात्र बोल्टांच्या मधल्या जागी वाकते आणि तिथूनच हवा गळू लागते.

सोलापुरात अशी पट्टी कापून देणारे हात कमी नाहीत. ज्या गावात टिकेकरवाडीच्या ओतशाळेत इंजिनाचे ब्लॉक ओतले जातात आणि एमआयडीसीत कॅमशाफ्टचे लोब मायक्रॉनमध्ये घासले जातात, तिथल्या जॉबवर्कच्या व्हीएमसी यंत्राला १२ मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनिअम प्लेट म्हणजे किरकोळ काम. कारागीर दिलेल्या मापाबरहुकूम कापून देईल. माप बरोबर आहे की नाही ही जबाबदारी ड्रॉइंग नेणाऱ्याची.

एवढं जमलं तरी इंजिनाच्या आत काय होतं ते पाहायला हवं. ७७ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर स्फोटाच्या क्षणी १०० बार दाब आला, तर त्याच्या डोक्यावर साडेचार टनांहून जास्त भार पडतो, सेकंदाला ५० वेळा, चारही सिलिंडरमध्ये. वाढलेल्या हवेला पेट्रोलही लागतं: हे १.६ लिटर इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला जवळजवळ एक लिटर पेट्रोल पिऊ लागतं. मूळचे इंजेक्टर तेवढं देऊ शकले नाहीत तर मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रण, गरम हवा आणि जास्त दाब एकत्र आले की ठिणगीने लागलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण स्वतःहून स्फोटासारखं पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात. म्हणून ज्या इंजिनावर कारखान्यातून ब्लोअर येतो त्याचं कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं असतं. त्या मिनीचं ८.३ होतं. आपल्या रोजच्या गाड्यांचं दहा-अकरा असतं. त्यांच्यावर ब्लोअर चढवणं ही वेगळीच, फार महागडी गोष्ट आहे.

मोठा सुपरचार्जर जुन्या इंजिनावर नीट कसा बसवावा, याचं उत्तम उदाहरण आपण सोलापूरकरांनी वर्षानुवर्षं स्टेशनवर पाहिलं आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेस पुण्यापासून इकडे डिझेलवर धावायची. रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या डिझेल इंजिनात सोळा सिलिंडर आणि एकूण १७५ लिटरचं पोट. ते मिनिटाला १,००० फेऱ्यांवर, स्वतःच्या ओढीनेच, ८७,५०० लिटर हवा घेईल. टर्बो सुपरचार्जर लागला की त्याच्या साधारण दुप्पट. आपला दहा हजार लिटरचा टँकर तीन-साडेतीन सेकंदांत रिकामा! हा टर्बो बेल्टवर फिरत नाही, सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूवर फिरतो, पण काम तेच. मूळ इंजिन २,६०० हॉर्सपॉवरचं. रेल्वेने त्याला अधिक कार्यक्षम टर्बो, मोठा आफ्टरकूलर, १७ मिलिमीटरचे इंधनपंप आणि नव्या घडणीचे कॅमशाफ्ट दिले आणि त्याच सोळा सिलिंडरांतून डब्ल्यूडीएम-३ए या नावाने ३,१०० हॉर्सपॉवर काढले. एकेका इंजिनामागे पाचशेची वाढ. जुनी इंजिनंही याच पद्धतीने पुन्हा बांधली गेली. हवा, थंडावा, इंधन आणि कॅम या चारही गोष्टी एकत्र बदलल्या, म्हणून ती इंजिनं नंतरही वर्षानुवर्षं गाड्या ओढत राहिली.

आता या मार्गावर तार आली आहे आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत विजेवर धावते. वीजही हवेशिवाय होत नाही. दक्षिण सोलापुरातल्या एनटीपीसी केंद्रात ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. दोन्ही पूर्ण क्षमतेने चालले तर कोळसा जाळायला दर सेकंदाला ढोबळमानाने बारा लाख लिटर हवा पंख्यांनी बॉयलरमध्ये ढकलावी लागते. मोटारीचे ८० लिटर, रेल्वे इंजिनाचे तीन हजार आणि केंद्राचे बारा लाख, आणि तिन्हीकडे प्रश्न एकच: दर सेकंदाला किती किलो हवा आगीपर्यंत पोहोचते.

रस्त्यावरच्या गाडीवर हा प्रयोग करू पाहणाऱ्याने कायदाही वाचावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ही बंधनं मला योग्य वाटतात. आपल्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या, शाळेच्या रिक्षा आणि दुप्पट ताकदीची पण जुन्याच ब्रेकांची गाडी एकत्र नकोत.

हौस पुरी करायची खरी जागा कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर आहे. फॉर्म्युला भारत या विद्यार्थी स्पर्धेत मुलंमुली स्वतः गाडी बांधतात. इंजिन ७१० सीसीपर्यंत, सुपरचार्जर चालतो, पण सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून यायला हवी. त्या भोकातून समुद्रसपाटीला, २० अंशांवर, सेकंदाला ७५ ग्रॅमच हवा जाऊ शकते. तिथे हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचतो आणि मागे कितीही मोठा ब्लोअर लावला तरी एक ग्रॅमही जास्त मिळत नाही. मे महिन्यात सोलापुरात सराव केला तर ६९ ग्रॅमच मिळतील.

वालचंद आणि सोलापूरच्या इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलामुलींना माझी विनंती आहे: हा प्रयोग जरूर करा, या गावात त्यासाठी लागणारे हात आणि यंत्रं दोन्ही आहेत. फक्त प्लेट कापायला टाकण्याआधी ब्लोअरच्या फेऱ्या, हवेचं तापमान आणि दर सेकंदाचे ग्रॅम हे तीन आकडे कागदावर मांडा, आणि तो कागद वर्कशॉपमधल्या जुन्या टर्नरला दाखवा.